कडेच्या ओळीतला गहू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धान्य संशोधन केंद्रातून निवृत्त झालेली गहू पैदासकार, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आजवर आणून पाहिला, त्यांना काय झालं ते विचारा. शांत मात्र मी अजिबात नाही. खिडकीतून मला गहू दिसतो आहे आणि त्याचा दाणा भरला आहे!

परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. कापणीला अजून अठरा दिवस आहेत. डॉक्टरांना म्हटलं, "तीन आठवडे थांबा की." ते म्हणाले, "गहू थांबेल, झडप थांबणार नाही." या माणसाला गव्हातलं ओ की ठो कळत नाही. मी ऑपरेशनमधून उठले तर उत्तमच. नाही उठले, तर हा गहू कोणाचा यावरून घोळ होऊ नये, म्हणून हा कागद.

कलम १. माझे राहते घर, तीन खोल्या व मागील अंगणासह, मी माझ्या भावाच्या मुलीस, म्हणजे माझ्या भाचीस देत आहे. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. घराचे तिने हवे ते करावे. फक्त यंदाची कापणी होईपर्यंत मागच्या अंगणात फरशी बसवू नये. तिने फरशीचे नमुने आणून ठेवले आहेत हे मला माहीत आहे. फ्रिजच्या मागे लपवले म्हणून मला दिसत नाहीत असं तिला वाटतं. बाळा, आत्याची झडप गेली आहे, डोळे नाहीत.

कलम २. माझ्या धाकट्या भावास मी माझे खुरपे देत आहे. पस्तीस वर्षे याने चारचौघांत माझी ओळख "ही आमची ताई, गवत उपटते" अशी करून दिली. आता स्वतः उपटून बघ म्हणावं. पाठ धरली की माझी आठवण येईल.

कलम ३. पानाचे तापमान दुरून मोजणारी बंदूक, भिंग, चिमटा व एकतीस वह्या केंद्राच्या ग्रंथालयाला द्याव्यात. वह्यांवर चहाचे डाग आहेत, ते पुसू नयेत. त्यावरून वर्ष ओळखता येतं. माझी उन्हाची टोपी केंद्राच्या सध्याच्या संचालकांना द्यावी. यांना आम्ही पाठीमागे "सरासरी" म्हणायचो, कारण झाड कितीही नामी दाखवा, हे म्हणणार, "सरासरी काय पडली?" सकाळी अकरानंतर हा गृहस्थ मी कधी शेतात पाहिला नाही. टोपी त्यांनी दुपारी तीन वाजता घालावी आणि ओंब्यांमध्ये उभं राहावं, एवढीच अट.

कलम ४. आता गहू.

मागच्या अंगणात चौदा ओळी आहेत. एक आड एक, सात ओळी बाजारात मिळणाऱ्या नावाजलेल्या वाणाच्या आणि सात या नव्या गव्हाच्या. पेरणी मुद्दाम दीड महिना उशिरा केली, म्हणजे दाणा ऐन उन्हाच्या तडाख्यात भरावा. पाणी पेरताना एकदाच. त्यानंतर एक थेंब नाही. (शेजारी औषधांचे दुकानदार राहतात. देवमाणूस, पण पहिल्या वर्षी यांना गव्हाची दया आली आणि कुंपणावरून पाइप घालून त्यांनी सगळ्या ओळी भिजवल्या. माझं अख्खं वर्ष वाया गेलं. मी दवाखान्यात असताना कोणीही दया दाखवू नये!)

मागच्या सोमवारी दुपारी तीनला मी बंदूक धरली. हवा एकोणचाळीस. नावाजलेल्या वाणाचं पान चाळीस. म्हणजे त्याने पानांतून पाण्याची वाफ सोडून गार राहणं बंद केलं, तो तापला, संपला. आपल्या गव्हाचं पान चौतीस. आजवर फरक दोन-तीन अंशांचाच असायचा. मला वाटलं बंदूक बिघडली. स्वतःच्या कपाळावर धरली. कपाळाचा आकडा जिथल्या तिथे होता. पुन्हा पानावर धरली. चौतीस! मुळं कुठून खालून पाणी ओढत होती कोण जाणे, पण पान गार होतं. अहो, अडतीस वर्षं मी हा आकडा शोधत हिंडले, आणि तो माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभा! मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. दुकानदार धावत आले, त्यांना वाटलं मला झटका आला.

~~सदर गव्हाचा वाण, जो मी पैदास केला आहे, तो व त्याचे सर्व बियाणे मी मावशींना देत आहे.~~

वरचे वाक्य मी खोडले आहे. का खोडले ते लिहिणे भाग आहे, कारण वकील म्हणतात की मृत्युपत्रातल्या खोडाखोडीचा खुलासा हवा. तर ऐका.

मावशी म्हणजे आमच्या केंद्रावर तीस वर्षं शेतमजूर म्हणून राबलेल्या बाई. सगळं केंद्र त्यांना मावशीच म्हणतं. आज साक्षीदार म्हणून मी त्यांना आणि दुकानदारांना बोलावलं होतं. मी एकेक कलम मोठ्याने वाचत होते. वरचं वाक्य वाचून मी मोठ्या ऐटीत मावशींकडे पाहिलं. आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार, अशी माझी खात्री.

मावशी म्हणाल्या, "बाई, माझाच गहू मला देताय होय?"

वकील हसले. दुकानदार हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

नऊ वर्षांपूर्वी फार मोठा उन्हाळा झाला होता. उन्हाच्या चाचणीतल्या माझ्या एकशेवीस वाणांचा सगळा पाचोळा झाला. अशा शेताच्या चारी कडांना आम्ही उरलेल्या पाकिटांतलं सरमिसळ बी पेरतो. त्या कडेच्या ओळींची नोंद नसते, मोजमाप नसतं. कडेच्या झाडाला जागा, हवा, ओल सगळंच जास्त मिळतं, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मावशी कडेच्या ओळीत थांबल्या. एका झाडाच्या पानाला त्यांनी पालथा हात लावला, आपण पोराच्या गळ्याला लावतो तसा, आणि मला हाक मारली, "बाई, इकडे या. हिला ताप नाही."

मी गेले नाही. शेताच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "मावशी, कडेचं झाड आहे ते, सोडा!"

मी सोडलं. त्यांनी सोडलं नाही. कडेच्या ओळींचं धान्य मजुरांनी दळायला न्यायचं, हा केंद्राचा जुना रिवाज. मावशींनी आपल्या वाट्यातल्या त्या एका झाडाच्या चार ओंब्या वेगळ्या काढून डब्यात ठेवल्या. पुढची चार वर्षं घरामागे पेरल्या, आणि दर उन्हाळ्यात भर दुपारी पानांना हात लावून, तापलेली झाडं उपटून फेकली. ना बंदूक, ना वही. मी निवृत्त झाले त्या दिवशी ते बी घेऊन माझ्याकडे आल्या. "आता तुम्हाला वेळ आहे, आता बघाल," म्हणाल्या.

मी बघितलं. चार वर्षं पेरलं, मोजलं, वह्या भरल्या. गल्लीत सगळे त्याला "बाईंचा गहू" म्हणू लागले, आणि मी एकदाही कोणाला अडवलं नाही. गेल्या महिन्यात सरासरीसाहेबांचं पत्र आलं: केंद्र हा वाण नोंदवून घेईल, पैदासकार म्हणून आपलं नाव कळवा. मी लगेच माझं नाव लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आज लाज वाटते. सरासरीने माझी झाडं डावलली म्हणून मी आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. मावशींचं झाड मी स्वतः डावललं, आणि ते जगलं तेव्हा त्याच्यावर माझं नाव चिकटवलं.

हे सगळं मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलून टाकलं. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या हो. तुम्ही मोजलंत म्हणून लोक ऐकतात. माझ्या हाताचं कोण ऐकणार होतं?"

मी म्हटलं, "मी ऐकायला हवं होतं. माझं कामच ते होतं."

"हो, ते खरंय," मावशी म्हणाल्या.

वकिलांनी घसा साफ केला. "बाई, कायद्याचं सांगतो. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. मावशींना गहू द्यायचा असेल तर साक्षीला दुसरं कोणीतरी बघा."

"नको," मी म्हटलं. "त्यांना माझ्याकडून काहीही मिळत नाही."

कलम ५. सबब मी जाहीर करते की मागील अंगणात उभा असलेला गहू, त्याचे बियाणे व त्याच्या नावाचा हक्क हे माझे नाहीत, कधीही नव्हते, आणि म्हणून ते मला कोणास देता येत नाहीत. ते मावशींचे आहेत. माझी भाची, भाऊ अथवा केंद्र यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. अंगण माझे असल्याने कापणीसाठी मावशींना तेथे मुक्तपणे येऊ द्यावे. नोंदणीच्या अर्जातून माझे नाव काढण्याचे पत्र मी आजच संचालकांना पाठवले आहे. त्यात माझ्यासाठी एकच जागा मागितली आहे: "मोजमाप". ती मी कमावली आहे आणि सोडणार नाही.

मी परवा टेबलावरून उठलेच, तर कापणीच्या दिवशी मला खुर्ची टाकून कडेला बसवावे. मावशींनी सांगितले तर एखादी पेंढी बांधीन.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले आणि एका ठिकाणी त्याने मला खाली मान घालायला लावली. तरीही ते मला मान्य आहे.

सही: (मृत्युपत्र करणारीची)
स्थळ: स्वयंपाकघर, मागचे दार उघडे
दिनांक: ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारी साडेतीन, हवा एकोणचाळीस, पान पस्तीस

आमच्या समक्ष सही झाली. आम्हांस या मृत्युपत्राद्वारे काहीही मिळत नाही.

साक्षीदार १. शेजारी. धंदा: औषधांचे दुकान. (पाइप गुंडाळून ठेवीन, असे तोंडी वचन दिले.)
सही

साक्षीदार २. मावशी. धंदा: ~~शेतमजुरी~~ गहू पैदासकार.
सही

(दुसऱ्या साक्षीदाराच्या धंद्यातील खोडाखोड माझ्या हातची आहे.)
सही: (मृत्युपत्र करणारीची)