मेखलेनच्या पंडिताचं यंत्र

७ मार्च ५४, रवि. डोंबिवली
वाचनालयाने माझ्या भाषणाला शेवटी हो म्हटलं. २५ एप्रिल, वर्धापनदिन. किती वर्षं मागतो आहे. दरवेळी चिटणीस देवधरांचा एकच प्रश्न, "पत्रिकेत पदवी कुठली लिहू?" यंदा ठरलेले प्रोफेसर आजारी, म्हणून मी. असो. देवधर म्हणाले, "यंत्र मात्र आणा हं. नुसत्या पंडिताला कोण येतंय?"
पहिलं वाक्य ठरलं: 'सातशे वर्षांपूर्वी फ्लँडर्समधल्या मेखलेन गावी एक पंडित होता, त्याने तत्त्वज्ञान लिहिलं, आणि तारे पाहून वेळ सांगणारं पितळी यंत्रही स्वतःच्या हाताने केलं.' वाक्य लांब आहे. राहू दे.

१० मार्च
ऑफिस सुटल्यावर कल्याण, भिकाजी तांबटाकडे. यंत्राची नक्कल करायची, पण बाजारचा पितळी पत्रा पातळ, वाकतो. मग सौ.ची माहेरची परात. "कणीक कशात मळू?" एवढंच म्हणाली आणि काढून दिली. भिकाजी परात हातात घेऊन, "वहिनींना विचारलंत ना? नाहीतर दोघांचं डोकं फुटायचं." म्हटलं, कर तू, देवाचं काम आहे.

२८ मार्च, रवि.
जाळीचा, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या ताऱ्यांच्या चकतीचा, नकाशा पुरा. पंडिताच्या पुस्तकातले तारे तिकडच्या सोयीचे. मला चित्रा, स्वाती, मघा हवेत. त्यांची स्थानं घरच्या पंचांगावरून घेतली, कलाविकलांसकट. बाकी मांडणी पंडिताच्या रीतीप्रमाणे. तीनदा ताडून पाहिली. भिकाजीला बजावलं, केसभर इकडेतिकडे चालणार नाही.

१७ एप्रिल
यंत्र आलं. काम देखणं आहे. सौ.ने हळद-कुंकू वाहिलं.

१८ एप्रिल, रवि.
गच्चीवर. चित्रा पूर्वेला छान वर आलेली. उंची घेतली, जाळी फिरवली. यंत्र म्हणतं साडेसहा. घड्याळात आठ वाजून गेलेले. मुंबई टाइम-स्टँडर्ड टाइमचा फरक आधीच धरला होता. स्वाती, मघा, तेच.
सौ. विचारते, "किती म्हणतंय?"
"साडेसहा."
"म्हणजे अजून सूर्य आहे." हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल
कल्याण. भिकाजीला नको ते बोललो. तुझा हात थरथरला म्हणालो. तो ऐरणीपुढून उठलासुद्धा नाही. "परात तोडताना देवाचं काम म्हणालात. आता माझा हात." आणि ठोकत राहिला.

२० एप्रिल
सापडलं. हात त्याचा नव्हे.
पंचांग निरयन, पंडिताची रीत सायन. पंचांग राशी ताऱ्यांपासून मोजतं, तो वसंतसंपातापासून. मधे तेवीस-एक अंश. मी पंचांगाचे आकडे जसेच्या तसे त्याच्या वर्तुळावर मांडले. सगळे तारे सारखेच मागे, म्हणून दीड तास.
सायन-निरयन वादावर वर्तमानपत्रात दोनदा पत्रं लिहिणारा मी. आणि स्वतःच्या घरात...

२१ एप्रिल
पंडिताचं मोठेपण काय, तर जुनी कोष्टकं त्याने आकाशाशी ताडून पाहिली आणि चुकतात तिथे चुकतात म्हणाला. भाषणाचं पान सात सगळं यावर. मी कागद कागदाशी ताडला, तीनदा. एकदा मान वर केली असती तर.
पान सात वाचवत नाही.

२२ एप्रिल
नव्या जाळीपुरतं पितळ उरलेलं नाही. असतं तरी कोण करणार? भिकाजीचं दुकान बंद. शेजारी म्हणाला, गावी गेला, लग्नाला. माफी मागायचीही राहिली.

२३ एप्रिल
देवधरांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "अहो, सभागृहात तारे कुठे आहेत? नुसतं फिरवून दाखवा. कुणाला कळतंय?"
"मला कळतंय."
"तुम्ही काय श्रोत्यांत बसणार आहात?"
यंत्राशिवाय येत असाल तर आजच सांगा, कीर्तनकार तयार आहेत, म्हणाले. सांगितलं नाही. 'येत नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं.
जेवताना सौ. म्हणाली, "चुकलं म्हणून सांगा की तिथेच. पंडितानेही तेच केलं ना?"
त्याने दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. शिवाय पदवी नसलेल्याने चूक कबूल केली की लोक चूक ऐकत नाहीत, पदवी नाही एवढंच ऐकतात. हे तिला म्हटलं. ती ताटं उचलून आत गेली.

२४ एप्रिल
ऑफिसात लक्ष नाही. दोन पावत्यांवर उलट्या तारखा घातल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

२५ एप्रिल, रवि. दुपारनंतर
पान सात काढून भाषण मोठ्याने वाचून पाहिलं. कुठे अडत नाही. चांगलं वाटतं, हेच वाईट. पंडित राहतो, यंत्र राहतं, लोक टाळ्याही देतील. तो माणूस कशासाठी जगला तेवढं उरत नाही.
पान परत घातलं. मग आकाशाशी न जुळणारं यंत्र दाखवता येत नाही.
पुन्हा काढलं.
पान सात हातातच, आणि टांगा आला वाटतं. देवधर खालून हाक मारताहेत. सौ. दारात उभी, "काय सांगू त्यांना?"
लिहितोय म्हणून सांग, म्हटलं.