सपाट दातांचा घोडा

नंदुरबार, शनिवार, १८ जानेवारी १९३६

आज संध्याकाळच्या शिकवणीत मास्तर मी होतो की आप्पा, कळत नाही.

सारंगखेड्याचे उत्तमआप्पा पंचेचाळिशीत इंग्रजी शिकताहेत. जनावरांच्या दवाखान्यात कायम नेमणूक हवी, तर सोमवारचा इंग्रजीचा पेपर सुटायला हवा. म्हणून उताऱ्यावरच्या प्रश्नांची युक्ती घोटून घेतोय. आधी उताऱ्याचा अर्थ समजून घ्या, मग प्रश्न वाचा, उताऱ्यात तोच शब्द शोधून बोट ठेवा, शेजारीच उत्तर असते. पदरची अक्कल घालू नका.

आजचा उतारा घोडा विकण्याचा. मालक सांगतो, घोडा सात वर्षांचा. पुढच्याच ओळीत आहे, दात झिजून सपाट. प्रश्न, घोड्याचे वय किती? आप्पांनी लिहिले, बारा.

"सात कुठे गेले?" मी विचारले.

"गुरुजी, सात वरीसना घोडाना दात सपाट नही ऱ्हातस. तो मालक लबाड शे."

"परीक्षकाला घोडा घ्यायचा नाही, आप्पा. लिहिलंय तेवढंच लिहा."

"मंग अर्थ समजी ल्या, असं कसाले सांगतस तुम्ही?"

इतकी वर्षे हाच उतारा शिकवतोय, पण ते दात मला कधी दिसलेच नाहीत. तरी सोमवारी बारा लिहिले तर नेमणूक गेलीच. शेवटी मीच हात जोडले.

आप्पांनी बारा खोडले. म्हणाले, "सात लिखस, गुरुजी. पन तो घोडा मी लेवाव नही."