फरशी नवी, दार गायब

३ फेब्रुवारी

माझ्या खोलीचं दार कुणाला विचारून उतरवलंस? मी मेले नाही अजून, मोडलेलं हाड जुळेपर्यंत लेकीकडे राहायला आले आहे.

चि. धाकट्यास, आईचे आशीर्वाद. आज जेवढे द्यावेसे वाटतात तेवढेच.

तू पाठवलेला माझ्या खोलीचा फोटो तुझ्या बहिणीच्या मोबाइलवर पाहिला. फोन केला की तू हो आई, हो आई म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा कागद. जन्मभर लोकांचे विजेचे मीटर वाचलेस, आता एकदम गवंडी झालास? जमिनीवर बसवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लाकडासारख्या दिसतात असं तुझी बहीण म्हणाली. मला बसच्या तळासारख्या दिसल्या. आणि माझं कपाट हलवायचा कंटाळा आला म्हणून त्याच्याभोवतीच पट्ट्या कापल्यास! धन्य आहे.

ते असू दे. दाराच्या जागी तो फुलाफुलांचा पडदा ही कुणाची अक्कल? बायकोची असणार. दार लागल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. इथेही मला करमत नाही, जावई जेवताना पेपर वाचून दाखवतात. तेव्हा हात चालव.

आशीर्वाद कायम आहेत, माया तुझ्या वागण्यावर.

आई, आणि तुझ्या पोरांची आजी


९ फेब्रुवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं, पोरं अजून हसताहेत. मला हसू आलं नाही. जुनी फरशी जागोजागी उखडली होती, तिलाच अडखळून तू पडलीस. म्हणून सुट्टीचा दिवस गुडघ्यांवर काढून मी एकेक पट्टी दुसरीत अडकवली. फोडाफोड नाही, मजूर नाही, स्वस्तात काम झालं. शाबासकी नको, पण निदान बसचा तळ म्हणू नकोस. जुन्यावरच नवी बसवल्यामुळे जमीन थोडी वर आली आणि दार घासायला लागलं. उतरवण्यावाचून इलाज नव्हता. पडदा मी आणला, हिचा त्यात हात नाही.

राग थोडा कमी आणि लोभ थोडा जास्त कर, एवढीच विनंती.

तुझा धाकटा


१४ फेब्रुवारी

खोटं बोलायचं होतं तर फोटो कशाला पाठवलास?

चि. धाकट्यास आशीर्वाद, मागच्यापेक्षा कमी.

त्याच फोटोत पलीकडे पोरांच्या खोलीचं दार दिसतंय. खाली पट्ट्या त्याच. दार खालून तासलेलं, कोरं लाकूड उघडं पडलंय, आणि मजेत लागलंय. पोरांच्या दाराला रंधा सापडतो आणि आईच्या दाराला इलाज नाही? माझी खोली आणखी कुणाला द्यायची असेल तर तोंडावर सांग. बायकोला पाठीशी घालू नकोस.

खरं लिहिलंस तर लोभ, नाहीतर नुसता शाप.

आई


२० फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

खोली तुझीच आहे. दार मी मुद्दामच लावलं नाही. तू पडलीस तेव्हा आतून कडी होती. मी बाहेरून दारावर हात आपटत होतो आणि तू आतून ओरडत होतीस की दार मोडलंस तर खबरदार. मी तुझं ऐकलं. शेवटी तूच सरपटत आलीस आणि काठीनं कडी सरकवलीस, तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता. इतका वेळ काय करत होता म्हणून डॉक्टर मला सगळ्यांसमोर बोलले. पुन्हा त्या दाराबाहेर मी उभा राहणार नाही. तू शाप दे, दार लागणार नाही.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस.

धाकटा


२६ फेब्रुवारी

डॉक्टरचं बोलणं लागलं, आणि मी आतून बोलत होते ते नाही लागलं?

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आता नीट वाच, हे मी दोनदा लिहिणार नाही. पडले तेव्हा मी कपडे बदलत होते. अंगावर धड काही नव्हतं. दार मोडलं असतंस तर तू, तुझी पोरं आणि आरडाओरडा ऐकून आलेला वरच्या मजल्यावरचा तो म्हातारा, सगळे आत घुसला असतात. हाड मोडलं ते जुळतंय. अब्रू गेली असती तर ती जुळली नसती. आधी अंगावर कपडा ओढला, मग दाराकडे सरपटले, वेळ त्यातच गेला. उद्या पुन्हा पडले तर पुन्हा तेच करीन.

तू बाहेर रडत होतास ते मला आत ऐकू येत होतं. म्हणून एवढा हट्ट सोडते: कडी काढून टाक. बाहेरून किल्लीनं उघडेल असं कुलूप बसव, दार तास आणि जागेवर लाव. किल्ली एकच राहील, आणि ती तुझ्याकडे नाही, सूनबाईकडे. तिला माझं तोंड बघायची हौस नाही, तेव्हा उगाच डोकावणार नाही. आणि मी पडले तर ती रडत बसणार नाही. मला चार शब्द सुनावत येईल, पण एकटी येईल, आणि आत आल्यावर दार लावून घेईल.

हे तिला मान्य असेल तर मी येते. तुझं उत्तर मला नको. सूनबाईनं लिहायचं, स्वतःच्या हातानं.

आई