मॅडम, ब्राइटनेस वाढवा

३ नोव्हेंबर, सोमवार

ए लिंक. ए लिंक. ए लिंक. ग्राफिक. ग्राफिक. बटन. बटन. बटन.

ही घरांच्या सोडतीच्या वेबसाइटची प्रस्तावना! द्रोणागिरीला नवीन इमारती, त्यात दिव्यांगांसाठी राखीव घरं — आणि त्याच पानावर एकाही बटनाला नाव नाही. माझा स्क्रीन रीडर बिचारा जे सापडेल ते वाचतो. मी त्याला वाचस्पती म्हणते. 'दिव्यांगांसाठी सुलभ' असं एक बटन मात्र नावासकट आहे. दाबलं. वाचस्पती म्हणाला, "पार्श्वभूमी पिवळी." वा! जन्मापासून आंधळ्या बाईला पिवळी पार्श्वभूमी. आभारी आहे.

मुदत पंधरा तारखेपर्यंत. मला घर पाहिजे. माझ्या नावाचं, माझ्या किल्लीचं. शेहेचाळीस वर्षांची झाले, आता पाहिजे. झालं, लिहून टाकलं.

४ नोव्हेंबर

घरात सांगणार नाही. दादा म्हणणार, "आम्ही काय मेलोय का?" वहिनी म्हणणार, "लोक म्हणतील, नंदिनीनं नणंदेला बाहेर काढली." मागे नुसतं हॉस्टेलचं नाव काढलं होतं, तर स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

म्हणून सगळा कारभार, अर्ज आणि ही डायरीची फाइलसुद्धा, हॉलच्या कोपऱ्यातल्या या टेबलावरच्या लॅपटॉपवर, स्वयंपाकघराकडे पाठ करून. नेरूळच्या टू बीएचकेत याहून खाजगी जागा म्हणजे बाथरूम. तरी टेन्शन नाही. एका कानात इअरफोन, आणि स्क्रीनवर पडदा — वाचस्पतीचीच सोय आहे ती. लॅपटॉप चालू, स्क्रीन काळी कुळकुळीत. मला काय, काळी काय नि पिवळी काय! मागून जाणाऱ्याला वाटतं, बाई बंद लॅपटॉपवर बोटं नाचवतेय. म्हणून पासवर्डही ठेवला नाही. काळ्या स्क्रीनला कुलूप कशाला?

६ नोव्हेंबर

कॅप्चा! "चित्रातील अक्षरे टाइप करा." शेजारी ऐकायचं बटन. दाबलं — शांतता. परत दाबलं — परत शांतता.

हेल्पलाइनला फोन. कुलदीप म्हणून कुणी होता.

"मॅडम, हिरव्या स्पीकरवर क्लिक करा."

"मला दिसत नाही."

"मॅडम, ब्राइटनेस वाढवा."

"अहो, मी आंधळी आहे!"

मग अगदी मायेनं, "मग घरात कुणी नॉर्मल आहे का?"

आहेत ना. त्यांच्यापासूनच तर लपवतेय.

७ नोव्हेंबर

परत कुलदीप. "मॅडम, सगळं डिफॉल्ट करा. ब्राउझर, तुमचं ते बोलणारं सॉफ्टवेअर, सगळं."

केलं. वाचस्पती थेट बालवर्गात गेला. इंग्रजी आवाज, एकेक शब्द ओढत. पण कॅप्चा बोलला!! आवाजाचं कुठलं तरी सेटिंग अडकलं होतं. आकड्यांमागे मासळीबाजाराचा गोंगाट, तरी बोलला. मी खुर्चीतच उडाले. कुलदीपला उगाच शिव्या घातल्या. अर्ध्या परत घेते.

मग बसून वाचस्पतीला माणसात आणलं. मराठी आवाज — परत. वेग — परत, तो ऐकून दादा विचारतो मशीन बिघडलं का, तोच. विरामचिन्हं — परत. एकेक सेटिंग कानानं तपासलं. सगळं जागच्या जागी.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा शनिवार, आमच्या बँकेला सुट्टी. कागदपत्रं चढवली. "व्यंग स्पष्ट दिसेल असा फोटो." म्हणजे कसा? खांबाला धडकताना काढू?

'सोबत राहणारी व्यक्ती' असा एक रकाना आहे. लिहिलं — कोणी नाही. टाइप करताना इतकं बरं वाटलं!

तिथं माझा चहा मी करीन. वहिनीचा चहा म्हणजे गुलाबजामचा पाक. इतकी वर्षं निमूट गिळतेय. आणि पाहुणे आले की हिचा भोंगा सुरू — "आमची सुमेधा सगळं स्वतःचं स्वतः करते हं!" सगळ्या मजल्याला ऐकू जातं. मी समोर बसलेली असते, शोकेसमधल्या बाहुलीसारखी. द्रोणागिरीत माझं कोणी कौतुक करणार नाही. काय सुख असेल ते!

१० नोव्हेंबर

आज चहात साखर बेताची. वहिनीला कुणीतरी डायबेटिसची भीती घातली असणार. देव त्या माणसाचं भलं करो.

ती सकाळपासून गप्प आहे. घसा बसला असेल.

११ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या शालनकाकू आल्या होत्या. भोंगा वाजलाच नाही! काकूंनी आपणहून विचारलं, "ही सगळं स्वतः करते ना गं?" तर वहिनी म्हणते, "तिलाच विचारा की. समोर तर बसलीय." मी बिस्कीट गिळायचं विसरले.

आणखी एक. हल्ली मी टाइप करत असले की वहिनी माझ्या पाठीमागे उभी असते. बांगड्या वाजतात, कळतं ना मला! विचारलं, काय करतेस? म्हणे, डाळ निवडतेय.

उभ्यानं?

१३ नोव्हेंबर

शेवटचं पान. नकाशा. "आपल्या पसंतीच्या तीन इमारती माउसने ओढून चौकटीत टाका."

वाचस्पती म्हणाला, "ग्राफिक."

बास! एवढी मोठी वसाहत, रस्ते, इमारती, जिने, लिफ्ट — सगळं मिळून एक ग्राफिक. राखीव घर आंधळ्यांना, आणि ते दाखवायचं चित्रात. ज्यानं केलं त्याचा सत्कार करायला पाहिजे, नकाशात.

कुलदीप म्हणतो, "मॅडम, निळ्या इमारती ओढा, त्या तुमच्या कोट्यातल्या." निळ्या! ऑफिसात कुणाला सांगावं, तर शेजारी बसतो रणजीत, दादाचा जिगरी दोस्त. संध्याकाळच्या आत घरी बातमी.

मला स्टेशनजवळची इमारत पाहिजे. गाडीतून उतरले की काठी टेकत सरळ घर. ती नाही तर बाजाराकडची. कंटेनरच्या रस्त्याकडची अजिबात नको — ट्रेलरच्या धडधडाटात मला रस्ता ऐकूच येत नाही. एवढं सगळं मला सांगता येतं. ओढता तेवढं येत नाही.

१४ नोव्हेंबर

ऑफिसातून आल्यापासून ओढतेय. कीबोर्डनं ओढलं. ऋताचा माउस आणला — वहिनीची पोर, विचारत नाही काही — त्यानं ओढलं. देवाचं नाव घेऊन ओढलं. "आपण एकही इमारत निवडलेली नाही." परत. "आपण एकही इमारत निवडलेली नाही."

रडले. लिहायला कसली लाज, इथं कोण बघतंय?

उद्या संध्याकाळी बंद होणार. पाच मिनिटांपुरता एक डोळस हात पाहिजे. तो घरातच आहे, पण माझ्याच्यानं मागवत नाही. वहिनीला वाटेल, मी तिला कंटाळले. कंटाळले नाही गं! चहाला कंटाळले. आई गेल्यावर कपाळाला हात लावून ताप बघणारी तीच एक आहे. म्हणूनच जायचंय. तिनं जन्मभर माझ्या पाठीमागे उभं का राहायचं? तिचे गुडघे दुखतात.

असू दे. नाही मिळणार घर. भोंगा ऐकू आयुष्यभर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अर्ज तसाच उघडा टाकून बँकेत गेले. बंद करायचाही जीव होईना.

दुपारी मोबाइलवर मेसेज — "आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे."

कुणाचा? मी काहीच ओढलं नाही! कुलदीपला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, आजच जमा झालाय, तिन्ही इमारतींसकट. बघा, ब्राइटनेस वाढवल्यावर जमलं की नाही?"

हसू का रडू? घरी आले. सगळं रोजच्यासारखं. चहा बेताचा गोड. कुणी काही बोललं नाही. पण मग ओढलं कुणी?

१६ नोव्हेंबर, रविवार

फाइल उघडली. कालच्या प्रश्नाखाली मी न लिहिलेला मजकूर. वाचस्पतीनं नेहमीच्या कोरड्या आवाजात वाचला —

"मी ओढलं. पहिली स्टेशनजवळची, दुसरी बाजाराकडची. तिसरी माझ्या मनानं, पाण्याच्या टाकीजवळची. तिकडं ट्रेलर येत नाहीत. सोबत राहणारी व्यक्ती कोणी नाही, ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही. ह्यांना मी सांगते. आणि स्क्रीनवरचा तो पडदा टाक गं बाई, तू ते सगळं डिफॉल्ट केलंस तेव्हापासून उघडाच आहे. नंदिनी."

पडदा मुद्दामच टाकलेला नाही.

वहिनी, मागे उभी असशील तर खुर्ची ओढून बस. उभ्यानं कोणी डाळ निवडत नाही.