सुट्टीच्या दिवशीचा डबा

आये, काल तुझ्या पणतीला घेऊन मी शाळेच्या फाटकाशी पोचले, तर फाटकाला हे एवढं कुलूप. कसलीशी स्थानिक सुट्टी होती. सकाळी घरात नेहमीची धांदल. सूनबाईच्या एका हातात लेकीची वेणी, दुसऱ्या हातात उलथनं, आणि तोंडाने सारखं, "बूट घाल, पाण्याची बाटली घे, आई, गॅस बंद करा हो!" माझा लेक एक मोजा पायात नि एक हातात घेऊन दुसरा मोजा शोधतोय. अशा घाईत डबा भरून दोघं ऑफिसला पळाली, आणि आम्ही दोघी कुलपापुढे. मी म्हटलं, "अगो बाई, आता?" तर सात वर्षांची ती पोर जराही न बावरता म्हणते, "आजी, मग डबा भाट्याच्या समुद्रावर खाऊया?" तिच्या डोळ्यांत मला माझाच चोरटेपणा दिसला नि मी रिक्षाला हात केला.

तुला तो दिवस आठवत असणार. मी चौथीत, दोघे भाऊ माझ्या मागे. आदल्या दिवशी शाळा सुटताना गुरुजींनी सांगितलं होतं, उद्या सुट्टी. घरी येऊन सांगायला मी विसरले, हे खरं. पण सकाळी उठून बघते तर तू चुलीपुढे बसून घावणं उलटतेस, शेजारी गुळखोबरं. एरवी आमच्या डब्यात भाकरी नि लोणच्याची फोड! सुट्टी म्हटलं असतं तर तू घावणं ताटात वाढली असतीस आणि मग बागेतला पातेरा, वाळका पाला, गोळा करायला धाडलं असतंस. मी गुपचूप केस विंचरून घेतले. समुद्रावर माडाखाली बसून आम्ही बोटं चाटून डबा संपवला, आणि मी भावांना दम भरला, "आयेला सांगाल तर याद राखा."

दुपारी परतलो तर शेजारची काकी पडवीत बसलेली. "अगो, शाळा बंद नि तू पोरांना दप्तरं देऊन धाडलंस?" ती हसली, तूही हसलीस. पण ती गेल्यावर चुलीतली राख सारता सारता म्हणालीस, "मला मेलीला अक्षर येत नाही, पोरांची शाळा कधी असते तेपण कळत नाही." त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला तुझा प्रश्न, "उद्या शाळा आहे ना गो?" सातवीला माझी शाळा सुटली तोवर विचारत राहिलीस आणि मी नुसती मान हलवत राहिले. पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी लिहिणं सुधारलं, पण "मला माहीत होतं" एवढं तुला सांगणं काही जमलं नाही.

काल संध्याकाळी सूनबाईने मोबाइल उघडला. शाळेच्या ग्रुपवर सुप्रभाताच्या फुलांखाली सुट्टीचा निरोप गाडला गेला होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली, पर्स खांद्यालाच. "आई, मी कसली आई हो! लेकीची शाळा बंद आहे हेसुद्धा मला कळत नाही." साठ वर्षांनी तुझाच सूर, आये. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तुझी घावणं, माडाची सावली, चुलीतली राख, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय गो. आयेचं काहीच चुकलं नव्हतं."

ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबून लेकीकडे वळली, "आणि तुला गं?" पोर माझ्या पदरामागे. तिथूनच आवाज आला, "बाईंनी सांगितलं होतं. पण तू डब्यात शिरा भरत होतीस ना!"

तू असतीस तर हसली असतीस की माझ्या पाठीत धपाटा घातला असतास? मला दोन्ही चाललं असतं. हा कागद घडी घालून कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवते, लाल आकड्यांच्या पाठीशी.

एक तेवढं राहिलं. पोरीला आणायला मी जाते म्हणून लेकाने मलाही त्या ग्रुपमध्ये घातलंय. सुट्टीचा निरोप मी आदल्या संध्याकाळीच वाचला होता. मलाही समुद्रावर बसून डबा खायचा होता, आये. सूनबाई ऑफिसातून आली की आजच सांगते तिला. या वेळी साठ वर्षं लावत नाही.