कॅमेरा क्रमांक तीन आणि कडूबाईंची नसलेली शेळी

दिनांक : १६ फेब्रुवारी १९९९

प्रति,
मा. सहाय्यक कामगार आयुक्त,
अहमदनगर.

अर्जदार : कु. शुभांगी बन्सी निकाळे, वय २७, संगणक चालक (कालपासून निलंबित), सोनवट सहकारी साखर कारखाना, ता. कोपरगाव. राहणार पुणतांबा, जि. अहमदनगर.

विषय : कारखान्याच्या झाडूवाल्या श्रीमती कडूबाई दिवे यांच्या अपघाताचे कॅमेऱ्यातील चित्रण आपल्या ताब्यात घेऊन त्यांच्यासमोर पाहण्याबाबत.

संदर्भ : प्रशासन अधिकारी यांचा लेखी आदेश, दि. १२/२/९९, आणि त्याच अधिकाऱ्यांचा त्याच्या नेमका उलट आदेश, दि. १५/२/९९.

महोदय,

१) अर्जदार सदर कारखान्यात चार वर्षांपासून नोकरीस आहे. अर्जदाराचे वडील याच कारखान्यात बॉयलरवर होते. अर्जदाराने श्रीरामपूरला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली. मुलाखतीत तिला, "कॉम्प्युटर बंद कसा करतात?" एवढा एकच प्रश्न विचारला गेला. त्या वेळी तिला हसू आले होते. आता येत नाही, कारण त्या मंडळींना संगणकातले तेवढेच काम ठाऊक होते, असे पुढे दिसून आले.

२) कारखान्यात १९९६ साली चार कॅमेरे बसले : फाटक, वजनकाटा, ऊस यार्ड आणि साखर गोदाम. चित्रण व्हीसीआरच्या कॅसेटवर होत असे. दर तीन तासांनी कॅसेट बदलायची आणि कपाटात ठेवायची, असा नियम होता. कपाटाला कुलूप होते, किल्ली मात्र सर्वांकडे होती. गेल्या वर्षी गोदामातली ताडपत्री चोरीला गेली तेव्हा त्या दिवसाची कॅसेट लावून पाहिली. पडद्यावर एका संचालकांच्या घरचा साखरपुडा निघाला. चोर काही दिसला नाही, परंतु जेवणावळ उत्तम झाल्याचे सर्वांनी पाहिले.

३) त्यानंतर चित्रण संगणकावर साठवायचे ठरले. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर आला, दोन संगणक खोक्यातून काढले, जेवला आणि "पुढचं मॅडमला जमेल" असे सांगून साडेतीनच्या एसटीने गेला. पुढचे अर्जदाराने केले. यार्डापासून संगणक कक्षापर्यंत नळीतून केबल ओढली. कॅमेऱ्यांचा संगणक एकीकडे आणि साठवणीचा दुसरीकडे ठेवून दोन्ही जाळ्याने, म्हणजे नेटवर्कने, जोडले. डिस्क आठ जीबीची होती. सलग चित्रण ठेवले असते तर ती दिवसभरात भरली असती. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचे दर पाच सेकंदांनी एक चित्र घ्यायचे आणि पंधरा दिवसांनी जुन्यावर नवे चढू द्यायचे, असे ठरवून अर्जदाराने तसे टिपण सादर केले. प्रशासन अधिकारी श्री. श्रीमंत भवर यांनी त्यावर शेरा मारला : "डिस्क भरतेच का, याचा खुलासा करावा. गोदामाप्रमाणे वेळोवेळी माल उचलावा." अर्जदाराने तीन पानी खुलासा केला. तो वाचल्याची कोणतीही खूण या महिन्यापर्यंत आढळली नव्हती.

४) आता मूळ घटना. दि. ३ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. कडूबाई दिवे, वय ५२, ऊस यार्डात पाचट झाडत होत्या. एक वाहन उलटे आले आणि त्यांच्या उजव्या पायाच्या पंजावरून गेले. कोपरगावच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटे कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याने स्वतःचा पंचनामा केला. त्यात लिहिले आहे की, बाई त्या दिवशी कामावर नव्हत्या. त्या शेळीसाठी उसाचे वाढे चोरायला आल्या होत्या. चालत्या बैलगाडीतून वाढे ओढताना चाक पायावर गेले. गाडीवान अनोळखी असून बैलगाडीसह निघून गेला. शेळीचा रंग तांबडा, असेही नमूद आहे. पंचांच्या सह्या आहेत. शेळी पंचांनी कोठे पाहिली, हे नमूद नाही.

५) अर्जदार पंचनाम्याच्याच दिवशी, दि. ४ रोजी संध्याकाळी, दवाखान्यात गेली. हजेरी पुस्तकात कडूबाईंच्या नावापुढची 'ह' खाडाखोड करून 'गै' केलेली तिने पाहिली होती, म्हणून गेली. कडूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी एक टाइप केलेला कागद होता. त्यावर अंगठा दिला की कामावर परत घेऊ, असा निरोप घेऊन सुरक्षा कार्यालयाचा माणूस येऊन गेला होता.

"पोरी, काय लिवलंय त्यात?" त्यांनी विचारले.

अर्जदाराने वाचून दाखवले. कडूबाई उठून बसल्या.

"चोर म्हनत्यात मला? एकोनीस वर्सं झाली झाडतीया, कारखान्याचं एक टिपरू घरला न्हेलं न्हाई. आन् शेळी कुठली? माझ्या दारात कोंबडी बी न्हाई! बैलगाडी न्हवती गं ती. जीप हुती. भवरसायबाची जीप."

"तुम्ही अंगठा देणार?"

"बोटं गेली ती गेली," त्या म्हणाल्या, "पर अंगठा माझाच हाय की अजून."

अर्जदाराला त्या रात्री झोप लागली नाही. तिचे वडील निवृत्त आहेत, भाऊ शिकतो आहे आणि घरात पगार तिचा एकटीचा येतो. हे ती आपल्यापासून लपवीत नाही. साठवणीच्या संगणकावर त्या वेळचे चित्र शोधायचे की गप्प बसायचे, याचा तिने सकाळपर्यंत विचार केला. सकाळी ती कामावर गेली आणि तिने चित्र शोधले.

६) कॅमेरा क्रमांक तीनच्या साठवणीत त्या वेळची एकूण नऊ चित्रे उपयोगाची आहेत. पहिल्या चारांत कडूबाई कारखान्याच्या निळ्या जाकिटात झाडत आहेत. पाचव्यात मागून जीप येते. सहाव्यात त्या खाली आहेत. सातव्यात जीपच्या चालकाच्या बाजूने श्री. भवर उतरताना दिसतात. आठव्यात जीपचा नेहमीचा ड्रायव्हर गोरक्ष चहाचा ग्लास टाकून पळत येतो. नवव्यात गोरक्षने बाईंना उचलले आहे आणि श्री. भवर जीपचा मागचा दिवा तपासत आहेत. आसपास एकही बैल नाही.

गोरक्षला विचारले असता तो म्हणाला, "साहेब आठ दिस झालं गाडी शिकत्यात. मला म्हनले चावी दे, तू चहा पी. मी कसा न्हाई म्हनू, ताई? पर बाईला म्याच उचलून न्हेलं. साहेबांनी शीट खराब हुतंय म्हनून पोतं टाकाया लावलं." हे बोलताना तो जमिनीकडे पाहत होता. परंतु चार दिवसांनी त्याने ते लिहून सही केली.

७) दि. ६ रोजी अर्जदाराने ही चित्रे फ्लॉपीवर उतरवून, पत्र जोडून, कार्यालयात दाखल केली. आवक लिपिकाने फ्लॉपी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि शिक्का कशावर मारू, असे विचारले. पाकिटावर मारा, असे अर्जदार म्हणाली. "पाकिटावरचा शिक्का चालत नाही, दस्तऐवजावरच पाहिजे," असे म्हणून त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीवर 'आवक' असा ठसठशीत शिक्का उमटवला. वर तारीखही घातली. कार्यालयाने अत्यंत नियमानुसार पुरावा नष्ट केल्याचे हे उदाहरण अर्जदाराच्या पाहण्यात एकमेव आहे.

८) अर्जदाराने संगणक कक्षात प्रत्यक्ष चित्रे दाखविण्याची तयारी दर्शविली. दि. ९ रोजी श्री. भवर, सुरक्षा अधिकारी आणि कामगार कल्याण अधिकारी असे तिघे आले. सातवे चित्र आले. मग कल्याण अधिकाऱ्यांनी शंका काढली की, दोन चित्रांत पाच सेकंदांचे अंतर आहे. त्या पाच सेकंदांत बाईंनी झाडू ठेवून, वाढे ओढून, परत झाडू घेतला नसेल कशावरून? सुरक्षा अधिकारी म्हणाले की बैलगाडीही त्याच पाच सेकंदांत येऊन गेली असावी. एवढ्या वेगाचे बैल या तालुक्यात असते तर कारखान्याचे गाळप डिसेंबरातच संपले असते, असे अर्जदाराच्या तोंडून निघून गेले. त्याबद्दल तिला उद्धटपणाची नोटीस मिळाली. ती नोटीस तिला मान्य आहे.

९) यानंतर कार्यालयाने ठरविले की, चित्रण अस्तित्वातच नाही. कडूबाईंना तसे लेखी कळविण्यात आले : "कॅमेरा क्र. ३ त्या दिवशी बंद होता." त्यांच्या प्रकरणाच्या सुनावणीची तारीख २२ ठेवली, म्हणजे घटनेनंतर एकोणीस दिवसांनी. पंधरा दिवसांनी जुन्यावर नवे चढते, हे स्वतःच्या खुलाशाच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते, ते अर्जदाराला तेव्हा आठवले. तिने लिहिलेले कार्यालयाने एकदाच वाचले, तेही या कामासाठी.

तरीही धीर धरवला नसावा. शुक्रवारी, दि. १२ रोजी, लेखी आदेश आला : "साठवण संगणकातील दि. ३/२ रोजीचे कॅमेरा क्र. ३ चे चित्रण तात्काळ काढून पूर्तता अहवाल सादर करावा."

अर्जदाराने आदेश दोनदा वाचला. पुसावे, असे त्यात लिहिलेले नाही. नष्ट करावे, असेही नाही. संगणकातून काढावे, असे आहे. चित्रण डिस्कवर होते आणि डिस्क चार स्क्रूंवर होती. अर्जदाराने चारही स्क्रू सोडवले आणि चित्रण काढले. अहवालात तिने लिहिले, "आदेशाप्रमाणे चित्रण संगणकातून काढले आहे." श्री. भवर यांनी त्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारून सही केली. चार वर्षांत अर्जदाराच्या कामाला मिळालेला हा पहिला चांगला शेरा.

१०) शनिवारी काट्यावर वाद झाला, चित्रण पाहायला मंडळी धावली आणि संगणक सुरूच होईना. काल, सोमवारी, अर्जदारास निलंबित करण्यात आले. आरोप असा : "दि. ३/२ रोजीचे कॅमेरा क्र. ३ चे चित्रण काढून नेले." महोदय, जो कॅमेरा बंद होता, त्याचे नसलेले चित्रण नेल्याचा हा आरोप आहे आणि त्याखाली सही श्री. भवर यांची आहे. चित्रण आहे, हे अर्जदार दहा दिवस सांगत होती. कार्यालयाला ते पटवायला अखेर तिची नोकरी जावी लागली.

११) डिस्क कारखान्याच्या मालकीची आहे, हे अर्जदार जाणते. ती घरी ठेवण्याचा तिचा हेतू नाही. ती आपण सीलबंद करून ताब्यात घ्यावी, पोच द्यावी आणि नऊही चित्रे कडूबाईंच्या समक्ष पाहावीत. पंचनाम्यातला 'चोर' हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांच्याकडूनच खोडून घ्यावा. कडूबाईंना बसून करण्याजोगे काम मिळावे. निलंबनाचे आपण सवडीने पाहिले तरी चालेल. बन्सी निकाळे काल एवढेच म्हणाले, "आम्ही बॉयलरवर हुतो तवा वाफ कोंडू देत न्हवतो. तू बी नको कोंडू." त्यामुळे घरची अडचण नाही.

कळावे, आणि पाहावे, ही विनंती.

आपली निलंबित परंतु नम्र,
(सही)
शुभांगी बन्सी निकाळे

सोबत :
१) आठ जीबी क्षमतेची डिस्क, सुती कापडात गुंडाळलेली. चुंबकापासून आणि शिक्क्यापासून दूर ठेवावी.
२) दि. १२ व दि. १५ चे आदेश, आणि 'समाधानकारक' शेऱ्याच्या अहवालाची प्रत.
३) ड्रायव्हर गोरक्ष यांचा सहीचा जबाब.
४) श्रीमती कडूबाई दिवे, स्वतः. सकाळच्या एसटीने आल्या असून आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. आत बोलवायचे झाल्यास थोडे आधी सांगावे. त्यांना उठायला वेळ लागतो.