उतईचा रविवार

सेक्टर ६, भिलाई
७ जानेवारी २०२४

ती. नूतनताईस,
राजकुमारचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो-हो करतो असं तू म्हणते, म्हणून लिहून राहिलो. हथखोजच्या आमच्या कारखान्यानं नवी योजना काढली. कामगार सुटीच्या दिवशी जिथं सेवा करतो, त्या संस्थेले कंपनी त्याच्या नावानं देणगी देणार. मार्चपर्यंत दर महिन्याले किती तास गेलो ते लिहून द्यायचं, सोबत फोटो. माझ्यासोबतच्या सुशीलनं साहेबांना सांगून टाकलं, की हा दर रविवारी उतईच्या अंधांच्या आश्रमात पेपर वाचून दाखवतो.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. वाचता वाचता डोळा घड्याळाकडे जाते. बळीरामभाऊंनी लगेच ओळखलं, म्हणाले की आज आवाज घाईत आहे. भाऊ भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमधून रिटायर झाले, नजर गेल्यावर तिथं आले. त्याईले दिसत नाही, अन् मी त्याईचा फोटो काढू? साहेबांना नाहीच म्हणून टाकतो आता. रात्रभर कूस बदलतो. तुझी भावजय उन्नती म्हणते, वेगळी खाट घे.

रागावली तरी चालते, पण आठवण असू दे.
तुझा राजकुमार

गोंदिया
१६ जानेवारी २०२४

चि. राजकुमार यास,
अ. उ. आ.

पत्र भेटलं. पास झाला तरी निकाल पाहायले घाबरणारा पोरगा तू, तुझी झोप उडाली याचं नवल नाही. खाट मात्र घेऊ नको, उन्नतीले सवय आहे.

पण मागच्या पावसाळ्यात तिथले नत्थूबाबा न्हाणीत घसरले, मांडी मोडली, हे तूच सांगितलं होतं. आश्रम चालवणाऱ्या राधाबाई फरशी बदलायसाठी किती जणांकडे जाऊन आल्या, तेही तूच सांगितलं. तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून त्याईनं ओल्या फरशीवर चालावं काय? नाही म्हणायच्या आधी भाऊंना विचार. त्याईचे डोळे गेले, तोंड नाही.

तब्येत सांभाळ, बहिणीवर रुसू नको.
तुझी ताई

सेक्टर ६, भिलाई
७ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र झोंबलं, म्हणून उत्तर राहिलं. भाऊंना मी लगेच सगळं सांगितलं होतं. फोटोचं त्याईले काहीच नव्हतं, फक्त दाढी करून बसतो म्हणाले. मग विचारलं, “देणगी भेटल्यावर तू येशीन का? मागं कॉलेजची पोरं येत होती. सर्टिफिकेट भेटलं अन् बंद झाली.” मी येईन म्हणालो, पण ते माझं मलेच हलकं वाटलं. तरी महिन्याचे तास लिहून दिले, फोटो पण.

साहेब कारखान्यातच स्टेजवर देणगी देणार होते. मी हात जोडून म्हणालो, उतईले चला. फेब्रुवारीत ते आले, राधाबाईंच्या हाती देणगी दिली. आता न्हाणीत खरबरीत फरशी आहे, दोन्ही भिंतींना धरायले दांडे आहेत. नत्थूबाबा परवा एकटे आंघोळीले गेले. राधाबाई दाराबाहेर उभ्या होत्या, पण हाक मारली नाही.

मार्च संपला, योजना संपली. आज सकाळी गाडी काढताना मनात येत होतं, आता आपल्यालेच कंटाळा आला तर? भाऊ ओसरीवर होते. माझी पावलं ओळखली, खुर्ची सरकवली अन् म्हणाले, “आज तास नाही लिहाचे ना? मंग आरामानं वाच.”

ऊन उतरेपर्यंत वाचलं. शेवटी जाहिराती पण वाचल्या.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा राजकुमार